लॅपटॉपवर चहा सांडला तर...

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले की पाण्यामागोमाग चहा येतो, ही कापड बाजाराची जुनी रीत आहे. पूर्वी गादीवर वहीखाते असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून अनेक पेढ्यांवर त्या जागी लॅपटॉप आला. वहीवर चहा सांडला तर एखाद-दुसरे पान खराब होई. लॅपटॉपवर सांडला तर सारी उधारी, बिले आणि मालाची नोंद एकदम धोक्यात येते. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंपुढे आम्ही काही गोष्टी मांडत आहोत.

सर्वप्रथम वीज तोडावी. भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढावा आणि लॅपटॉपचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. ‘चालू बिल पुरे करू, मग बंद करू’ हा मोह महागात पडतो. ओलाव्यात वीज खेळत राहिली की शॉर्टसर्किट होते, आतले बारीक जोड गंजू लागतात. बॅटरी सहज निघत असेल तर काढावी.

मग लॅपटॉप उघडाच ठेवून तंबूसारखा पालथा घालावा, म्हणजे चहा खाली निथळेल. कापडावर डाग पडला तर आपण तो चोळत नाही, टिपतो. येथेही सुती फडक्याने टिपावे. झटकू नये, गरम हवा मारू नये. तांदळात ठेवण्याचा उपायही कामाचा नाही; आतला चहा तसाच राहतो आणि भुकटी मात्र आत शिरते.

पाणी उडून जाते, पण साखर व दूध आत चिकटून बसते. म्हणून वरून कोरडा दिसला तरी सुरू करून पाहू नये. दुरुस्तीवाल्याकडे न्यावा आणि काय सांडले ते खरे सांगावे. त्यावरून त्याला कुठे साफ करायचे ते कळते. साध्या वॉरंटीत असे नुकसान बहुधा बसत नाही.

कीबोर्ड बदलून मिळतो, हिशेब मिळत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय उधारीची नोंद ही देणाऱ्याची व घेणाऱ्याची, दोघांचीही अमानत आहे. तेव्हा रोज दुकान वाढवताना हिशेबाची नक्कल पेनड्राईव्हवर घ्यावी आणि ती घरी ठेवावी.

चहा बंद करण्याचे कारण नाही. फक्त पेला लॅपटॉपच्या मेजावर नको, बाजूच्या स्टुलावर असावा.