बी.कॉम. झालंय, पण कोडिंग करायचंय? डहाणू-तलासरीहून कोणता दरवाजा उघडतो, कोणता नाही

तलासरीच्या कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालयातून बी.कॉम. झालं की पहिल्या नोकरीचे पर्याय जवळपास ठरलेले असतात. उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यात अकाउंट्स, बोईसरला तारापूर एमआयडीसीत बिलिंग, नाहीतर एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडे टॅली. डहाणूत तर उद्योगांवरच बंधनं आहेत. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला.

अशात मोबाईलवर रील येते. 'सहा महिन्यांत सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हा, डिग्रीची अट नाही!'

यातलं अर्धं खरं आहे. कोडिंग शिकायला डिग्री लागत नाही. पण नोकरीचा फॉर्म भरायला लागते, आणि गाडी तिथेच अडते. विप्रोचा 'विल्प' हा फ्रेशर्ससाठीचा कार्यक्रम बीसीए आणि बी.एस्सी.वाल्यांसाठी आहे. टीसीएस बी.कॉम.वाल्यांना घेते, पण मुख्यतः बीपीएस विभागात, म्हणजे हिशेब आणि बॅक ऑफिसच्या कामाला. सी-डॅकच्या पीजी-डॅक कोर्सचं नाव बरेच जण सुचवतात, मात्र तिथे इंजिनिअरिंग, एमसीए अशा पात्रता लागतात. नुसत्या बी.कॉम.वर तो दरवाजा बंद.

मग उघडा कोणता? एमसीए.

२०२०-२१ पासून हा कोर्स तीनऐवजी दोन वर्षांचा झालाय आणि कुठल्याही शाखेचा पदवीधर त्यासाठी अर्ज करू शकतो. पदवीला ५० टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. कळीचा मुद्दा गणिताचा. बारावी कॉमर्सला गणित सोडलेलं असेल तर त्या वर्षीच्या माहितीपत्रकातली पात्रतेची अट आणि ब्रिज कोर्सची तरतूद आधी वाचा, क्लासची फी नंतर भरा. अनेक जण नेमकं उलटं करतात.

क्लास आणि एमसीए यांच्यातला दुसरा फरक पैशाचा आहे, आणि आदिवासीबहुल डहाणू-तलासरीत तोच निर्णायक ठरू शकतो. मान्यताप्राप्त कोर्सला प्रवेश घेतला तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला महाडीबीटीवरून शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. जेवण, राहणं आणि इतर खर्चासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये असं तिचं स्वरूप आहे. चौकशीसाठी डहाणूचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय गाठायचं. खासगी कोडिंग क्लासला यातलं काहीच लागू होत नाही. उलट तिथे 'फी नंतर भरा' म्हणून सही घेतात ते अनेकदा विद्यार्थ्याच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स अर्धवट सुटला तरी हप्ता सुटत नाही.

राहण्याच्या खर्चावर इतका जोर का? डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली खरी, पण चर्चगेट तिथून सुमारे १२४ किलोमीटर. तलासरीच्या मुलाला आधी स्टेशन गाठावं लागतं ते वेगळंच. रोज येऊन-जाऊन प्रोग्रॅमिंगचा सराव कधी करणार?

घर सोडणं शक्यच नसेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. आहे. जेईई नाही, त्यांची स्वतःची पात्रता प्रक्रिया आहे. शिकणं घरून, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. पूर्ण पदवीला साधारण चार वर्षं लागतात, पण मध्येच डिप्लोमा घेऊन थांबायची सोय आहे.

हे सगळं करूनही नोकरी आयती मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनेच सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे वापीतली अकाउंट्सची नोकरी पहिल्याच महिन्यात सोडून देणं हा शहाणपणा नाही. शिवाय ती नोकरी वाटते तितकी निरुपयोगीही नाही.

कशी, ते बघा. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच सर्व्हर बंद पडला, तर? डेटाबेस पहिली नोंदही रद्द करतो. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. इंजिनिअरिंगची मुलं याला 'ट्रॅन्झॅक्शन' म्हणून शिकतात. डेबिट-क्रेडिट जुळल्याशिवाय ताळेबंद न मिटवणाऱ्या बी.कॉम.वाल्याला मात्र हा विचार ओळखीचा असतो. बिलिंग, पगार, कर, कर्ज यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना हिशेब कळणारा माणूस लागतोच.

म्हणून सुरुवात एसक्यूएल आणि पायथनपासून करणं सोयीचं. दोन्ही फुकट शिकता येतात, एनपीटीईएलवर व्याख्यानं आहेत. फक्त लॅपटॉप हवा, मोबाईलवर हे जमत नाही.

आणि पहिला प्रोजेक्ट? यूट्यूबवर बघून केलेलं कॅल्क्युलेटर नको, ते सगळ्यांकडे असतं. अकाउंट्सवाले दर महिन्याला खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलच्या जीएसटीआर-२बी शी ताडून बघतात. कुणाचा जीएसटी नंबर चुकलेला, कुठलं बिल समोरच्याने भरलेलंच नाही. एक्सेलमध्ये यात तासन्‌तास जातात. दोन फाइल घेऊन न जुळणारी बिलं वेगळी काढणारा पायथन प्रोग्रॅम लिहायचा. आधी खोट्या आकड्यांवर, कारण ऑफिसचा डेटा परवानगीशिवाय घरी आणायचा नसतो. चालला की ऑफिसातल्या सीनियरला दाखवायचा. चुका तोच पहिल्यांदा काढेल.