धान्यकथा – ९ : आयरिश ओट्सची लापशी

मागच्या भागात ओट्सचं पीक पाहिलं. गहू जिथे कुरकुरतो अशा थंड, ओलसर हवेत आणि आम्लधर्मी जमिनीत ओट्स तग धरतात, आणि आयर्लंडमध्ये या दोन्ही गोष्टींना तोटा नाही. आज त्याच दाण्याला चुलीपर्यंत नेऊ.

आपल्याकडे ओट्स म्हटलं की पाकिटातल्या चपट्या पाकळ्या डोळ्यांपुढे येतात. टरफल काढलेला दाणा वाफवून रुळांमध्ये दाबला की त्या तयार होतात. पोह्यांचं तंत्र याहून फार वेगळं नाही. दाबताना दाण्याची आतली रचना मोडते, पाणी झटकन शिरतं आणि पाच मिनिटांत काम होतं. ‘आयरिश ओटमील’ या नावानं जे ओळखलं जातं, त्यात दाणा दाबत नाहीत, चिरतात. सोललेल्या दाण्याचे आडवे दोन-तीन तुकडे, एवढंच. अशा तुकड्याला शिजायला अर्धा तास लागतो, आणि शिजल्यावरही तो दाताखाली जाणवतो. मला या पदार्थाचं सारं मोल त्या जाणवण्यातच दिसतं.

चिरण्याआधी दाणा भट्टीत तापवावा लागतो. ओट्समध्ये स्निग्धांश गहू-तांदळापेक्षा बराच जास्त असतो आणि तो मोडणारं विकरही दाण्यातच असतं. ते उष्णतेनं निकामी केलं नाही, तर सोललेला दाणा लवकरच कडवट, खवट होतो. म्हणजे भट्टी लागते ती धान्य टिकावं म्हणून, पण खमंग वासही तिथेच येतो. कॉर्क परगण्यातल्या मॅक्रूम गावी वॉल्टन्स मिल नावाची जुनी गिरणी आहे. तिथे दाणा चांगला भाजून मग जात्याच्या दगडांवर भरडतात, आणि त्या ओट्सचा भाजका स्वाद आयर्लंडभर नावाजला जातो.

दगडावर भरडलं की तुकडे लहानमोठे निघतात आणि पीठही पडतं. पोलादी पात्यांनी हे बदललं. भोकं पाडलेलं पिंप फिरत राहतं, दाणे त्या भोकांतून उभे खाली येतात आणि स्थिर पाती त्यांचे काप करतात. तुकडे एकसारखे असले की एकाच वेळी शिजतात; काही गिचका, काही कच्चे असं होत नाही. द्रोघेडाजवळच्या मॅककॅन यांच्या ओट्सना १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पारितोषिक मिळालं, तेव्हा प्रशस्तिपत्रात दाण्यांच्या या एकसारखेपणाचाही उल्लेख होता. पुढे त्यांचा पांढरा डबा अमेरिकेत इतका खपला की तिथे ‘आयरिश’ म्हणजे चिरलेले ओट्स असंच समीकरण झालं. खुद्द आयर्लंडमध्ये मात्र आज बहुतेक घरांत सकाळी पाकळ्याच शिजतात. वॉटरफर्ड परगण्यात किलमॅकथॉमस गावी, माहोन नदीच्या काठी, फ्लॅहॅवन कुटुंबाची गिरणी दोनशेहून अधिक वर्षं चालू आहे; तिथल्या पाकळ्या घराघरांत पोचलेल्या आहेत.

ही लापशी तिथे फार जुनी. सुरुवातीच्या मध्ययुगातल्या आयरिश कायद्यात मुलांना दुसऱ्या घरी वाढवायला ठेवण्याच्या प्रथेचे तपशीलवार नियम आहेत, आणि कोणाच्या मुलाला कसली लापशी द्यायची हेही त्यांत ठरवून दिलेलं आहे. राजपुत्राला ताज्या दुधात शिजवलेली गव्हाची लापशी, वर मध. सरदाराच्या मुलाला दुधातलीच, पण जवाची, वर ताजं लोणी. सामान्य घरच्या मुलाला ओट्सची, पाण्यात किंवा ताकात शिजवलेली, वर शिळं लोणी. मुलाची पायरी त्याच्या वाडग्यावरून कळे. सर्वांत खालच्या पायरीचा तो वाडगा आज महागड्या हॉटेलांच्या न्याहारीत मानानं मांडला जातो, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

पुढे बटाटा आला आणि गरिबांच्या ताटातून ओट्स मागे सरले. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, तेव्हा ब्रिटिश सरकारनं अमेरिकेतून मका मागवला. तो कडक दाणा नीट दळायची सोय अपुरी होती आणि तो किती वेळ शिजवायचा हे लोकांना ठाऊक नव्हतं. अर्धाकच्चा मका खाऊन माणसं पोटाच्या विकारांनी हैराण झाली. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांतून रोज सुमारे ३० लाख लोकांना सूप किंवा अशीच लापशी मिळत होती. त्याच वर्षांत आयर्लंडमध्ये पिकलेले ओट्स जहाजांतून इंग्लंडला जातच होते. हे वाचून अजूनही संताप येतो.

आता कृतीकडे. चार माणसांना एक वाटी चिरलेले ओट्स, चार वाट्या पाणी आणि पाव चमचा मीठ. जाड बुडाचं, खोलगट पातेलं घ्यावं, कारण हे मिश्रण फेसाळतं आणि हमखास उतू जातं. आधण खळखळू लागलं की एका हातानं ओट्स वैरायचे, दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. सगळे एकदम ओतले तर गुठळ्या होतात. उकळी परत आली की आच अगदी मंद करावी, झाकण तिरकं ठेवावं आणि पंचवीस ते तीस मिनिटं शिजू द्यावं. सुरुवातीला अधूनमधून ढवळलं तरी चालतं. शेवटची दहा मिनिटं मात्र जवळ उभं राहावं, कारण दाटपणा येतो तो तेव्हाच, आणि तळाला लागतं तेही तेव्हाच. ओट्समधला बीटा-ग्लुकॅन हा विरघळणारा तंतू पाण्यात उतरतो आणि दाण्यांभोवती सायीसारखा मऊ रस धरतो. वेगळं दूध किंवा साय न घालताही ही लापशी मलईदार लागते, ती त्यामुळे.

मीठ निम्मं शिजल्यावर घालावं. आधी घातल्यानं दाणा कडक राहतो असं म्हणणारे आहेत. माझं कारण साधं आहे, पाणी आटत आल्यावर मिठाचा अंदाज चुकत नाही. पण गोड खाणार असलात तरी मीठ वगळू नका, नाहीतर ओट्सची चवच वर येत नाही. पूर्ण दुधात शिजवण्याच्या मोहात पडू नये, अर्ध्या तासात ते करपतं. दूध हवंच तर शेवटी घालावं. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवावं. तेवढ्यात लापशी आणखी घट्ट होते.

भाजका स्वाद हवा असेल तर पाणी घालण्याआधी चमचाभर लोण्यावर ओट्स मंद आचेवर वास सुटेपर्यंत परतावेत. कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची सोय उत्तम आहे: झोपण्यापूर्वी उकळत्या पाण्यात ओट्स घालून एक-दोन मिनिटं उकळायचे, गॅस बंद करून झाकायचे, आणि सकाळी थोडं पाणी घालून दहा मिनिटं मंद शिजवायचे. आपल्याकडच्या उकाड्यात मात्र पातेलं निवलं की फ्रिजमध्ये ठेवावं. कुकर वापरायचा तर ओट्स थेट कुकरमध्ये घालू नका, फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. आतल्या खोल भांड्यात, ते निम्म्याहून कमी भरून शिजवा.

वाढायची जुनी रीत अशी की लापशी गरम आणि वरचं दूध, साय किंवा ताक थंड. हे मिसळून टाकायचं नाही. प्रत्येक घासाला गरम-थंड दोन्ही लागलं पाहिजे. मध किंवा खडबडीत तपकिरी साखर वर भुरभुरतात. आपल्या घरात घट्ट, गोडसर ताक आणि चिमूटभर मीठ घालून बघा, सामान्य घरच्या त्या मुलाच्या वाडग्याच्या ते बरंच जवळ जाईल.

खरेदी करताना पाकिटावर ‘स्टील-कट’ हे शब्द पाहावेत. डब्लिन-कॉर्ककडे राहणाऱ्यांना हाच प्रकार ‘पिनहेड’ नावानं मिळेल. झटपट शिजणारे चिरलेले ओट्सही निघाले आहेत, पण ते आधीच थोडे शिजवलेले किंवा आणखी बारीक केलेले असतात, आणि वर सांगितलेलं वेळेचं गणित त्यांना लागू पडत नाही. उरलेली लापशी थाळीत ओतून थापली की वडीसारखी घट्ट होते. दुसऱ्या दिवशी काप करून लोण्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस परतावेत.

पुढच्या भागात समुद्र ओलांडून स्कॉटलंडला जाऊ, जिथे हाच दाणा पीठ होऊन तव्यावरच्या ओटकेकमध्ये उतरतो.