ऐकण्यासाठी बांधलेली मुंबई

१८४६ साली ग्रँट रोडवर नवे नाटकगृह उघडले. मुंबईचे त्याआधीचे नाटकगृह कोटात, बॉम्बे ग्रीनच्या मैदानाकाठी होते. कर्ज फिटेना म्हणून ते विकावे लागले होते. नव्या नाटकगृहासाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली. कोटातल्या साहेबलोकांना ग्रँट रोड फार आडबाजूचा वाटे, पण गिरगाव-काळबादेवीच्या माणसांना नाटकगृह प्रथमच घराजवळ आले. १८५३ साली विष्णुदास भावे यांची नाटक मंडळी सांगलीहून आली आणि याच रंगमंचावर तिने खेळ केले. त्याच वर्षी पारशी रंगभूमीनेही इथे पहिले पाऊल टाकले. नाटकगृहाची जागा बदलली आणि नाटक कोणी पाहायचे हेही बदलून गेले.

ते नाटकगृह आज उभे नाही. मात्र कला कुठे बसून ऐकली जाते, यावर ती कोणापर्यंत आणि कोणत्या रूपात पोहोचते हे ठरते, ही गोष्ट मुंबईच्या पुढच्या पावणेदोनशे वर्षांत पुनःपुन्हा दिसते. मुंबईच्या वास्तुवैभवावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बरेचसे रस्त्यावर उभे राहून, मान वर करून लिहिलेले आहे. मला या लेखात दारातून आत जायचे आहे. गाण्यासाठी किंवा नाटकासाठी बांधलेली वास्तू तिथे कार्यक्रम चालू असतानाच पुरती कळते आणि ते कार्यक्रम चालू ठेवणे हेच तिचे खरे जतन, असे माझे ठाम मत आहे.

ओव्हलच्या दोन्ही कडा

सुरुवात तरीही ओव्हल मैदानापासूनच करावी. मधल्या पायवाटेवर उभे राहिले की पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांची टोकदार कमानींची, कोरीव दगडांची रांग दिसते. पश्चिमेला गोलसर सज्ज्यांच्या, फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारती आहेत. पूर्वेची रांग उभी राहू शकली ती १८६०च्या दशकात कोटाची तटबंदी पाडून जागा मोकळी केल्यामुळे. पश्चिमेची १९३०च्या दशकात, बॅकबेमध्ये भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उठली. दोन्ही मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

या देखाव्यातही ऐकण्यासारखे काही आहेच. राजाबाई टॉवरचा आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता लंडनमधून केला. पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी आणि मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. १८७८ साली तो पुरा झाला. त्याच्या घड्याळाच्या घंटांवर एके काळी निरनिराळ्या सोळा धुना वाजत. जवळच काळ्या घोड्यापाशी एस्प्लनेड मॅन्शन आहे. ते पूर्वीचे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईने पहिल्यांदा पाहिल्या त्या इथेच. पुढे चर्चगेटसमोरचे इरॉस १९३८ साली उघडले. एका मैदानाच्या आसपास हलत्या चित्रांचे पहिले दर्शन आणि त्यांच्यासाठी खास बांधलेले देखणे चित्रपटगृह अशी दोन्ही टोके सापडतात.

गिरगावातल्या बैठका

ओव्हलकडून उत्तरेला गिरगावात शिरले की दगडी भव्यता मागे पडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून हिंदुस्थानी संगीताला या शहरात नवे घर मिळाले ते इथल्या आणि शेजारच्या वस्त्यांत. संस्थानांचा आश्रय आटत चालला होता, तर मुंबईत शेटजी होते, वकील होते, गाणे शिकू पाहणारी मध्यमवर्गीय कुटुंबे होती. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० साली पारशी गायनोत्तेजक मंडळी काढली आणि वाळकेश्वरी जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे पुढे तिच्यात सामील झाले. १९०८ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. उत्तरेतून आलेल्या उस्तादांच्या एका घराण्याला तर भेंडीबाजार या वस्तीचेच नाव मिळाले. जयपूर-अत्रौली गायकीचे अल्लादिया खाँ आयुष्याच्या उत्तरार्धात मुंबईतच राहिले. गोव्याहून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच शिष्या. ऑपेरा हाऊसच्या परिसरात बी. आर. देवधरांनी १९२५ साली स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले आणि पुढे बेळगावकडचा एक लहान मुलगा तिथे शिकायला राहिला. तो कुमार गंधर्व.

हे गाणे ऐकायच्या जागा कशा होत्या? लक्ष्मी बागेसारखी मध्यम आकाराची सभागृहे, क्लबांच्या खोल्या, श्रीमंतांचे दिवाणखाने आणि गणेशोत्सवात चाळींची अंगणे. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत झाला, आणि चाळीचे अंगण हे तेव्हापासून फुकट गाणे ऐकायचे मोठे ठिकाण झाले. खाली जाजमावर मंडळी दाटीवाटीने बसलेली आणि वर तिन्ही मजल्यांचे कठडे धरून उभी असलेली. बैठकीच्या खोलीत मात्र गवई आणि शेवटचा श्रोता यांच्यात फार तर चाळीस-पन्नास फुटांचे अंतर. भारतीय बैठक, लोड, गाद्या आणि अंगाला अंग लावून बसलेली माणसे नाद शोषून घेतात. प्रतिध्वनी फारसा उरत नाही. त्यामुळे तानेतला प्रत्येक दाणा सुटा ऐकू येतो, मींड कुठून निघून कुठे टेकली ते कळते आणि समेवर आलेली दाद गवयापर्यंत त्याच क्षणी पोहोचते. ख्यालाची बारीक कलाकुसर अशा खोल्यांत वाढली.

ऑपेरा हाऊस: थांबलेले आणि पुन्हा सुरू झालेले

गिरगावच्या टोकाला रॉयल ऑपेरा हाऊस आहे. कलकत्त्याचे करमणूक व्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतले जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते काढले. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा बांधकाम अजून चालू होते. प्रेक्षागृहाची घडण युरोपीय बरोक वळणाची आहे. समोर वाद्यवृंदासाठी खड्डा, वर गॅलऱ्या, बाजूंना बॉक्स आणि डोक्यावर कवी-नाटककारांना वंदन करणारा आठ भागांचा घुमट. आत प्रवेशदालनात मोठी झुंबरे आहेत, ती ससून कुटुंबाकडून आलेली.

ऑपेरासाठी बांधलेली ही वास्तू मराठी संगीत नाटकाला मानवली, यात नवल नाही. दोन्हींत नट स्वतःच गायचा, दोन्हींत वाद्यांचा मेळ गायकाच्या पायाशी बसायचा. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे स्वर या घुमटाखाली घुमले. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे. ध्वनिवर्धकाशिवाय ती साथ आणि तो गळा गॅलरीतल्या स्वस्त तिकिटवाल्यापर्यंत जायला हवा, हा त्या नाटकगृहाच्या घडणीमागचा साधा हिशेब होता. त्या काळी नाटकाची शहराला किती ओढ होती हे पाहायचे तर ८ जुलै १९२१ ची रात्र आठवावी. टिळक स्वराज्य फंडासाठी बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. तीन महिन्यांत केशवराव गेले, आणि तो प्रयोग आख्यायिका होऊन बसला.

पुढे बोलपट आले. १९३५च्या सुमारास ऑपेरा हाऊस सिनेमाचे झाले, १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले आणि १९९३ साली ते बंद पडले. ट्रॅफिक सिग्नलला थांबणारी एक अख्खी पिढी ‘ऑपेरा हाऊस’ हे फक्त एका बसथांब्याचे नाव म्हणून ओळखू लागली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी त्याचे जतनकाम केले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. पहिल्या कार्यक्रमात गायल्या मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ. २०१७ साली या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत मान मिळाला. मला त्या पुरस्काराहून मोठी गोष्ट ही वाटते की तिथे पुन्हा तिकीटविक्री सुरू झाली. तेवीस वर्षे बंद असताना ती इमारत जुन्या छायाचित्रात होती तितकीच रस्त्यावरही होती. आत गाणे सुरू झाल्यावर ती पुन्हा नाटकगृह झाली.

नाद किती रेंगाळावा

सभागृहाचा कान कसा असतो, याच्या शास्त्राचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डचे वॉलेस सेबाइन यांनी घातला. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल या शास्त्राच्या आधारे रचलेले पहिले सभागृह. मूळ आवाज थांबल्यावर त्याचा नाद किती वेळ रेंगाळतो, हे त्यातले मुख्य माप. खोलीचे आकारमान मोठे असेल तर नाद जास्त रेंगाळतो. गालिचे, पडदे आणि माणसे वाढली की कमी. भाषणाला साधारण सेकंदभर किंवा त्याहून कमी रेंगाळणे बरे, नाहीतर शब्द एकमेकांवर चढतात. सिंफनी वाद्यवृंदाला दोनेक सेकंद लागतात, कारण तिथे स्वरांनी एकमेकांत मिसळणेच अपेक्षित असते.

आपल्या गाण्याची अडचण इथे आहे. विलंबित आलापीला थोडा रेंगाळता नाद शोभतो, तानपुऱ्याची जवारी त्यात भरून येते. पण द्रुत तान, तराणा, तबल्याचा कायदा यांना कोरडी, स्वच्छ खोली हवी. एकाच मैफलीत दोन्ही येतात. म्हणून भारतीय संगीतासाठी सभागृह बांधणे हे पश्चिमेच्या नमुन्याची नक्कल करून जमणारे काम नव्हते.

समुद्रावरचे टाटा थिएटर

हे काम नरिमन पॉइंटला मनावर घेतले गेले. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ साली राष्ट्रीय संगीत व नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए, स्थापन केले. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर त्याचे टाटा थिएटर उभे राहिले. आराखडा होता फिलिप जॉन्सन यांचा, प्रिट्झकर पुरस्काराचे पहिले मानकरी तेच. ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या ध्वनिरचनेवरही त्यांनी काम केले होते. ११ ऑक्टोबर १९८० रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते उघडले.

सुमारे हजार खुर्च्या आहेत, पण त्या पंख्यासारख्या पसरून मंचाला घेरून बसवल्या आहेत, म्हणून शेवटची रांगही मंचापासून फार दूर जात नाही. चढत्या पायऱ्यांमुळे समोरच्याचे डोके नादाच्या वाटेत येत नाही. एक गोष्ट जवळून ऐकण्याजोगी आहे. कार्यक्रम सुरू होण्याआधी तानपुरे जुळत असतात. घोडीवरच्या तारेखालचा सुताचा दोरा वादक नखाने किंचित पुढे सरकवतो आणि बोथट वाजणारी तार एकदम उजळते, तिच्यातून गंधार डोकावू लागतो. साध्या सभागृहात हे फक्त मंचावरच्यांना कळते. इथे ते खुर्चीत बसल्या जागी ऐकू येते. त्यावेळी सभागृहभर शांतता हवी. उशिरा येणारा प्रेक्षक, चाळवलेला मोबाइल आणि वाजणारे वेफर्सचे पाकीट यांनी जे हरवते ते पुढच्या दोन तासांत भरून येत नाही.

याच आवारात १९९९ साली जमशेद भाभा थिएटर सुरू झाले. बांधकाम पुरे होत असतानाच १९९७ साली तिथे आग लागली होती. भाभांनी ते पुन्हा उभे केले. तिथे ऑपेरा होतो, आणि २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो.

तीन हजार आणि दोनशे

सगळ्या जागांनी एकाच मापाचे असू नये. माटुंगा-शीव भागातल्या दाक्षिणात्य रसिकांनी १९५२ साली षण्मुखानंद सभा स्थापली आणि १९६३ साली जवळपास तीन हजार खुर्च्यांचे सभागृह बांधले. १९९० साली ते जळाले आणि रसिकांनीच ते नव्याने उभे केले. एवढ्या मोठ्या जागेत ध्वनिवर्धक अपरिहार्य, पण एम. एस. सुब्बुलक्ष्मींचे गाणे हजारोंनी एकत्र ऐकायचे तर दुसरी सोय नव्हती. याच्या उलट जुहूचे पृथ्वी थिएटर, १९७८ सालचे. दोनेकशे प्रेक्षक मंचाच्या तीन बाजूंनी बसतात आणि नटाचा श्वासही संवादाचा भाग होतो. त्याआधी दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने १९७४ पासून मराठी प्रायोगिक नाटक जगवले. शाळेचे ते साधे सभागृह होते. वास्तुशैली म्हणावी असे तिथे काही नव्हते. तरी मराठी रंगभूमीच्या इतिहासात ते कोणत्याही घुमटाखालच्या रंगमंचाइतके मोलाचे आहे.

रसिकाचे काम

या सगळ्या वास्तूंत एक समान धागा आहे. शंकरशेट, प्रेमचंद रायचंद, काबराजी, कराका, जमशेद भाभा, माटुंग्याचे वर्गणीदार, ‘आविष्कार’चे कार्यकर्ते: मुंबईच्या ऐकण्याच्या जागा बव्हंशी नागरिकांनी उभ्या केल्या. सरकारी वारसा यादी दर्शनी भिंत वाचवू शकते, आतला कार्यक्रम मात्र यादीने चालत नाही. तो तिकीट काढून येणाऱ्या माणसावर चालतो. गिरगावातली लहान सभागृहे आज लग्ने आणि प्रदर्शनांच्या भाड्यावर तग धरून आहेत आणि जमिनीचा भाव त्यांच्या माथ्यावर टांगला आहे. तिथे महिन्याला एक ध्वनिवर्धकविरहित मैफल झाली तर गायकाला आपला गळा ऐकू येईल, श्रोत्याला ख्याल कसा वाढला ते कळेल आणि मालकालाही जागा राखायला कारण मिळेल.

दिवाळीनंतर मुंबईत मैफलींचा हंगाम सुरू होतो. सूफी-संतवाणीचा ‘रुहानियत’ महोत्सव भरतो, फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव. या वर्षी कार्यक्रमाबरोबर जागाही निवडा. तेच गाणे टाटा थिएटरात ऐका आणि एखाद्या लहान बैठकीत ऐका. अर्धा तास आधी जाऊन छत, भिंती, बसण्याची रचना बघा. संयोजकांना ध्वनिवर्धकाचा आवाज कमी ठेवायला सांगा. श्रोत्यांनी मागितले तर ते ऐकतात. मुलांना सोबत न्या, कारण पुढची तिकिटे त्यांनाच काढायची आहेत. शंकरशेटांनी जागा दिली होती. आपल्या वाट्याला ती भरलेली ठेवण्याचे काम आले आहे, आणि ते कोणत्याही शनिवारी संध्याकाळी सुरू करता येते.