देऊळगाव राजाची जमीन: लाव्हाची किती, माणसाची किती?

देऊळगाव राजाच्या शिवारात नव्याने खणलेल्या विहिरीत डोकावले, की या भूमीची उतरंड नजरेस पडते. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली कुदळीला दाद न देणारा काळा पाषाण आणि मध्येच कुठे जांभळट, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला मांजऱ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थरांवर थर गोठले आणि आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर दिसणारा दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. त्यामुळे हा सारा मुलूख ज्वालामुखीने घडवला असे आपण शाळेपासून ऐकतो. हे सांगणे अपुरे आहे. ज्वालामुखीकडून आपल्याला दगड मिळाला. आपण ज्या भूमीवर नांगर धरतो आणि घर बांधतो, ती मात्र पुढच्या झिजेची आणि वस्तीची निर्मिती आहे.

झिजेचा पुरावा टेकड्यांवरच आहे. त्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे, कारण कठीण पाषाण तग धरतो आणि मांजऱ्या लवकर कुजतो. दरीच्या दोन्ही काठांना तेच थर आढळतात, म्हणजे मधला दगड पाण्याने वाहून नेला आहे. अजिंठ्याच्या रांगेने बुलढाणा जिल्ह्याचे पाणीही वाटून दिले आहे. उत्तरेकडचे तापीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जाते, तर देऊळगावकडचे खडकपूर्णेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला. पावसाने कुजलेल्या याच बेसॉल्टची काळी माती झाली. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल धरून ठेवते, म्हणून खरिपानंतर रब्बीचीही आशा धरता येते.

या काळीच्या शेजारी गावाची पांढर असते, आणि माझ्या दृष्टीने हा या भूदृश्यातला सर्वांत दुर्लक्षित थर आहे. मातीची घरे पडली, त्यांच्यावर नवी उभी राहिली. चुलीची राख, शेण, खापरे साचत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या गावाची जागा उंचावत गेली. धाब्याच्या घरावर पसरायला लोक याच पांढरीची माती नेत. पाण्याबाबतही तसेच. बेसॉल्टमध्ये पाणी राहते ते सांधे, भेगा आणि कुजलेल्या थरांत. शेजारच्या सिंदखेड राजात जाधवांच्या काळातले मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनी नटलेली पुतळा बारव पाहताना हे ध्यानात ठेवावे. तलाव वाहते पाणी अडवतो, अडलेले पाणी मुरते, आणि बारवेच्या पायऱ्या त्या पाझरापर्यंत माणसाला उतरवतात. हे बांधकाम खडकाची जाण असल्याशिवाय होत नाही.

कोणी म्हणेल, शेकडो मीटर जाडीच्या खडकापुढे माणसाचा चार हात थर म्हणजे नुसता ओरखडा. जाडीच मोजायची तर खरे आहे. पण शेती, पिण्याचे पाणी आणि घराचा पाया हे सारे बहुतांशी वरच्या काही मीटरांतच असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माणसाने जमीन घडवली कमी, बिघडवली जास्त. झाडोरा तोडून उतारांवर नांगर चालवला, तेव्हा हजारो वर्षांत तयार झालेली माती थोड्या पावसाळ्यांत ओढ्याला गेली, हे नाकारता येणार नाही. मात्र त्यातून माणसाचा वाटा मोठा असल्याचेच सिद्ध होते. खडकपूर्णेवरच्या संत चोखामेळा जलाशयात आता नदीचा गाळ अडतो. तलाव आणि नाले खोल करून निघालेला मुरूम महामार्गाच्या भरावाला वापरण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ याच जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो. पाण्याने वाहून आणलेले डोंगर इथे माणूस पुन्हा उचलून ठेवतो आहे.

आजच्या शेडनेटमधल्या बीजोत्पादनाला जुन्या बारवा पुरणार नाहीत, हेही मान्य. पण कोणत्या खोलीवर कोणता थर पाझरतो, हे त्या आणि जुन्या विहिरी आजही दाखवतात. काळ्या पाषाणात अंदाजाने खोल बोअर मारण्याआधी ती माहिती हाताशी असायला हवी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या नोंदवते. त्यांच्या जोडीला, मांजऱ्या कुठे लागतो हे हाताने ओळखणाऱ्या विहीर खोदणाऱ्यांचे ज्ञान गावोगाव लिहून घ्यायला हवे, ते लोक हयात आहेत तोवर.