पणजीचा माग काढायचा तर...

लग्नात नाव बदललं की पणजी कागदोपत्री दिसेनाशी होते, म्हणून आधी तिचं माहेरचं नाव आणि गाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. ही माणसं आहेत तोवरच विचारा.

पुढची वाट तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जाते. गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक, ही गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही. जुनी पानं बरीचशी मोडी लिपीत, म्हणून ती वाचणारा सोबत असलेला बरा. 'सखू कोम धोंडी' असं दिसलं तर सखू ही धोंडीची बायको. 'बिन' असेल तर मुलगा.

सर्वांत बोलका कागद मात्र फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीचा. नवरा वारल्यावर वारस लागताना विधवेचं आणि मुलांचं नाव तिथे येतं. कधी त्या एका नोंदीत अख्खं घर सापडतं. १९३७च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क दिला, पण तेव्हा शेतजमीन त्यातून बहुतांशी सुटली. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे फेरफार म्हणूनच बारकाईने पाहा.

छापील कुलवृत्तांत असेल तर सासरच्याइतकाच माहेरच्या कुळाचाही चाळावा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही पाहाव्यात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात.