लाकडी कॅमेरा पुन्हा कामाला लावताना

फोटोवाला काळ्या कापडात डोकं खुपसून समोरच्याला ‘हलू नका’ म्हणायचा, तो तिवईवरचा कॅमेरा अजूनही मिळतो आणि थोड्या चिकाटीने चालूही होतो. त्याची रचना साधी असते. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि दोघांना जोडणारा घड्यांचा भाता, म्हणजे कापडाची किंवा चामड्याची उघडझाप करणारी पिशवी. या पेटीत भिंगाखेरीज कुठूनही उजेड शिरता कामा नये. म्हणून दुरुस्तीची सुरुवात पॉलिशने करू नये. आधी आतला अंधार नीट करायचा, चमक नंतर बघू.

भिवंडीकरांना शोधासाठी जवळची जागा म्हणजे मुंबईचा चोर बाजार. कल्याण किंवा ठाणे गाठायचं, लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि चालत मटण स्ट्रीटवर जायचं. शुक्रवारी जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. निवांत उलटसुलट करून बघायचं असेल तर दुसरा वार धरा. त्याहून चांगला माल बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर असतो, कारण तिथे कॅमेऱ्याबरोबर त्याचं बाकीचं सामानही सापडतं.

नावं दोन-तीन लक्षात ठेवली तरी पुरे. विलायती माल बघायचा तर थॉर्नटन-पिकार्ड. देशी माल बघायचा तर केरळातल्या अलेप्पीचा वागीश्वरी. के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात तो बनवायला घेतला आणि पुढे देशभरच्या स्टुडिओंत तो पोचला. नुसत्या विलायती पाटीसाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

इथे पहिली फसगत होते. दिवाणखान्यात ठेवायला बनवलेले पितळी-लाकडी नवे कॅमेरे ‘अँटिक’ म्हणून सर्रास विकले जातात. ओळख सोपी आहे. मागची चौकट उघडून आत बघा. भाता आरपार पोकळ हवा, मागे दुधी काच हवी आणि भिंग दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे रोखलं की त्या काचेवर रस्ता उलटा दिसायला हवा. काचेवर काहीच उमटत नसेल तर ती शोभेची वस्तू आहे.

प्लेटहोल्डर मागायला विसरू नका. काच किंवा फिल्म ज्यात भरून मागे सरकवतात, ती ही चपटी पेटी. प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी, त्यामुळे एकाचा होल्डर दुसऱ्याला बसेलच असं नाही. होल्डर नसेल तर किंमत निम्मी समजून घासाघीस करा. माप हाफ प्लेट असेल, म्हणजे ४¾ × ६½ इंच, तर आजची ४ × ५ किंवा ५ × ७ इंचांची फिल्म त्यात तशीच बसणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

घरी आणल्यावर आधी तळाशी आणि सांध्यांत भुंग्याची भोकं, वाळवीची माती शोधा. मग खोली पूर्ण काळोखी करून दिवा लावलेला मोबाइल भात्यात ठेवा आणि बाहेरून बघत भाता हळूहळू ताणा. छिद्रं बहुधा घड्यांच्या कोपऱ्यांत चमकतात. प्रत्येकाशी खडूची खूण करा.

दोन-चार छिद्रं असतील तर आतून पातळ काळ्या कापडाचे नखाएवढे तुकडे लवचीक गोंदाने चिकटवा. जाड ठिगळ लावलं की भाता मिटत नाही आणि जबरदस्तीने मिटवला की शेजारची घडी फाटते. चामडं कडक झालं म्हणून तेल चोपडू नका. ते धूळ ओढतं, आणि पावसाळ्यात बुरशी आलीच म्हणून समजा.

भाता पार गेला असेल तर नवा शिवावा लागतो. आत पातळ काळं कापड, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या, बाहेर दुसरं कापड. भिवंडीत कापडाला तोटा नाही, पण यंत्रमागावरून उतरतं ते ग्रे कापड, न रंगवलेलं. आपल्याला प्रोसेस होऊन आलेलं, दाट विणीचं आणि मागून लेप दिलेलं काळं हवं. दुकानातच कापडामागे मोबाइलचा दिवा लावून बघा. वीण चाळणीसारखी चमकली तर दुसरा तागा मागा.

आता लाकूड. पितळी पट्ट्या काढण्याआधी कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागीच टोचून ठेवा. जुने स्क्रू अदलाबदल केले की भोक सैल पडतं. पेचकस खाचेत घट्ट बसणाराच घ्या. जुने सांधे बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने जोडलेले असतात. तो कोमट ओलाव्याने सुटतो, म्हणून जोडायलाही सरसच वापरा. पॉलिशला चपडा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, पातळ हातांनी दिला की पुरतो. पितळ चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासायचा मोह होईल, पण त्यावरचा मूळ पातळ लेप त्याने निघून जातो. सुक्या फडक्याने पुसून थांबलेलं बरं.

भिंगातली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. नुसती वर असेल तर भिंग पुसायच्या द्रवाने निघते. काच कुरतडली गेली असेल तर डाग राहतो. थोडी धूसर असली तरी फोटो येतो, त्यासाठी कॅमेरा टाकून देऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ दुधी काचेत होतो. फुटलेली काच बदलताना खरखरीत बाजू भिंगाकडे हवी. उलटी बसवली तर प्रतिमा काचेच्या जाडीइतकी मागे पकडली जाते, आणि काचेवर स्पष्ट दिसलेला चेहरा फोटोत पुसट येतो. होल्डरमधली फिल्म आणि खरखरीत पृष्ठ, दोन्ही भिंगापासून सारख्याच अंतरावर यायला हवीत. काचेच्या प्लेटसाठी बनवलेल्या होल्डरमध्ये पातळ फिल्म घातली तर तीही मागे पडते. मागे पुठ्ठा देऊन ती पुढे आणा आणि पट्टीने मापून खात्री करा.

पहिली चाचणी महागड्या फिल्मवर नको. काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद लाल दिव्यात कापून होल्डरमध्ये भरा. भिंगावर टोपी घट्ट ठेवून कॅमेरा उन्हात ठेवा, होल्डरचं झाकण ओढून पाच मिनिटं थांबा, मग कागद धुवा. कागद पांढरा आला तर भाता ठीक. काळा पट्टा कडेला आला तर होल्डरची खाच गळते, मधेच डाग आला तर भात्याचं एखादं छिद्र राहून गेलंय.

मग खरा फोटो. कागद फिल्मपेक्षा फार मंद असतो. भिंगाचं तोंड एफ-३२ इतकं बारीक केलं तर भर उन्हात साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे शटर नसलं तरी अडत नाही. टोपी काढायची, ‘एक’ म्हणायचं, टोपी लावायची. जवळचा चेहरा घेताना भाता लांबतो आणि उजेड कमी पडतो. आठ इंच फोकल लेंग्थच्या भिंगासाठी भाता बारा इंच ताणला, तर वेळ सव्वादोन पट धरा.