घरांतील संगणक अडून बसतो तेव्हां

१९ जुलै २०२४ रोजीं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, जगांतील सुमारें ८५ लक्ष संगणक एकाएकीं बंद पडून निळा पडदा दाखवूं लागले. क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षक आज्ञावलीची एक सदोष फाइल त्यांत येऊन पडली होती, व सुरू होतांच ती वाचून यंत्र पुन्हां कोसळे. आपल्याकडील विमानतळांवरहि त्या दिवशीं कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. उपाय मात्र साधा होता. यंत्र 'सेफ मोड'मध्यें सुरू करावयाचें, तेवढी फाइल काढावयाची, आणि पुन्हां नेहमीप्रमाणें चालू करावयाचें. हीच सोय आपल्या घरांतील यंत्रांतहि आहे. परंतु अडचण येण्यापूर्वीं तिची ओळख क्वचितच कोणी करून घेतो.

संगणक सुरू होतो तेव्हां पडद्याआड पुष्कळच मंडळी एकदम कामाला लागतात: प्रिंटर, ध्वनि, चित्र यांना चालविणारे 'ड्रायव्हर', आणि आपण वेळोवेळीं हौसेनें घातलेलीं ॲप्स. त्यांतील एकानें दगा दिला तरी सर्वच खोळंबतें. सेफ मोडमध्यें अत्यावश्यक तेवढींच अंगें जागीं होतात. दुखणेकऱ्यास वैद्य नुसत्या पेजेवर ठेवतो, आणि मग एकेक पदार्थ वाढवीत कोणता बाधला हें पाहतो, त्यांतलाच हा प्रकार. ह्या अवस्थेंत यंत्र सुरळीत चाललें, तर दोष बहुधा नव्यानें घातलेल्या एखाद्या ॲपांत अथवा ड्रायव्हरांत आहे असें समजावें. येथेंहि तेंच रडगाणें असेल, तर मूळ प्रणालीचा किंवा यंत्राच्या अंगाचाच संशय घ्यावा. नुसता येथें प्रवेश केल्यानें कोणतीहि फाइल पुसली जात नाहीं, हें घाबरट मंडळींनीं लक्षांत ठेवावें.

विंडोजच्या १० व ११ ह्या आवृत्तींत शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' म्हणावें. मग 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' अशा पायऱ्या उतरून पुन्हां 'रीस्टार्ट' केल्यावर ४ हा आंकडा दाबावा. मात्र ज्या संगणकास 'बिटलॉकर'चें कुलूप आहे, तो ४८ आंकड्यांची किल्ली मागूं शकतो. जुलै २०२४ मध्यें कित्येक कार्यालयांचा खोळंबा ह्या किल्लीपायींच वाढला. घरच्या संगणकाची किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत जमा असते. ती आजच कागदावर उतरून दागिन्यांच्या पेटींत ठेवणें मुळींच वावगें होणार नाहीं.

बहुतेक ॲन्ड्रॉइड टॅब्लेटांवर चालू-बंद करण्याची कळ दाबून धरावी, व पुढें येणाऱ्या 'पॉवर ऑफ' ह्या शब्दांवर बोट थोडा वेळ तसेंच ठेवावें, म्हणजे 'सेफ मोड'विषयीं विचारणा होते. मग आपण घातलेलीं ॲप्स निद्रिस्त होतात. बिघाडाच्या सुमारास घातलेलें ॲप प्रथम काढावें, व साधें 'रीस्टार्ट' करावें. कधीं कधीं टॅब्लेट न सांगतांच ह्या अवस्थेंत जातो, आणि 'माझें सगळें नाहींसें झालें' म्हणून आजोबा हवालदिल होतात. अशा वेळीं घट्ट कव्हरामुळें आवाज कमी करण्याची कळ दाबली गेली नाहीं ना, तें आधीं पाहावें.

ह्याच्या शेजारची खोली म्हणजे 'रिकव्हरी मोड', आणि घात होतो तो येथेंच. नांवाचा अर्थ परत मिळविणें असा. पण तेथील 'वाइप डेटा' अथवा 'फॅक्टरी रीसेट' म्हणजे पाटी कोरी करणें होय. मुंजीचीं छायाचित्रें, दिवंगत आजींचा मुद्रित आवाज, यांची दुसरी प्रत कोठें ठेवलेली नसल्यास तीं परत मिळण्याची आशा जवळजवळ सोडावीच लागते. चुकून येथें आलेल्यानें 'रीबूट सिस्टिम नाउ' निवडून मुकाट्यानें बाहेर पडावें. शिवाय पाटी कोरी झाल्यावर टॅब्लेट पूर्वींच्याच गूगल खात्याची ओळख मागतो. आणि तें खातें परगांवीं शिकणाऱ्या नातवानें उघडून दिलेलें असेल, तर परवलीचा शब्द त्यालाहि आठवत नसतो!

आयपॅड रिकव्हरी मोडमध्यें घालून संगणकास जोडला असतां 'अपडेट' व 'रिस्टोअर' असे दोन पर्याय दिसतात. पहिला आंतील माहिती राखून प्रणाली नव्यानें घालण्याचा प्रयत्न करतो; दुसरा सर्व पुसतो. यंत्र दुरुस्तीस देतांना 'आधीं अपडेट करून पाहा, रिस्टोअर करण्यापूर्वीं आम्हांस विचारा' असें स्पष्ट सांगावें, आणि शक्य तर पावतीवर लिहून घ्यावें.